दुसरं कुलूप

भंडाऱ्याच्या स्टँडवर मी डबा मांडीवर घेऊन बसले होते, आणि डब्याची चावी मागच्या गाडीनं येत होती.

हसू नका. आमच्या घरची ती रीतच होती. माझी आई कौशल्याबाई कोंढ्याहून भंडाऱ्याला आत्याकडं खायचं काहीही पाठवायची ते पितळेच्या डब्यात, वर कुलूप घालून. डबा एका गाडीनं, चावी दुसऱ्या गाडीनं. दोन्ही एका माणसाच्या हाती कधीच नाहीत. एकदा म्हणे कंडक्टर भैय्यालालनं अड्याळ येईपर्यंत अर्धे अनारसे फस्त केले होते, तेव्हापासून हा कायदा. त्या दिवशी तर डबा नेणारी मी, तिची पोटची पोरगी! तरी चावी मागून, शेजारच्या रुखमिणीकाकूंच्या कमरेला.

"तुह्यावर इश्वास हाय वं माहा," निघताना आई म्हणाली होती, "तुह्या जिभेवर नाई."

डब्यात करंज्या होत्या. तिचं अगदीच चुकत नव्हतं.

पाऊस स्टँडच्या पत्र्यावर असा वाजत होता की शेजारचा बोलला तरी ओठ बघावे लागत. तेवढ्यात कुणीतरी माझ्या बाकाशी लोखंडी पेटी टेकवली, तिच्यावर सुतळीनं बांधलेली पुस्तकं ठेवली, आणि ओला चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागलं. सदराही ओलाच होता. चष्मा आणखी धूसर झाला. मी बघत राहिले… आणि मग पदराचं कोरडं टोक पुढं केलं. का केलं, कुणास ठाऊक! अनोळखी माणसाला पदर द्यायची आमच्याकडं पद्धत नाही.

तो दचकला. पण चष्मा पुसला त्यानं. नाकावर चढवला, आणि मग पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

"बायजाबाईंचं घर कुठं आलं, सांगाल का? भांड्यांचं दुकान आहे म्हणतात. तिथं खोली किरायानं घेतलीय मी."

बायजाबाई म्हणजे माझीच आत्या. बाबांची मोठी बहीण. मी तिच्याकडंच राहून शिवणक्लास करणार होते.

"सांगतो ना. पण थांबा लागंल. मी बी तिकडंच जाऊन राहिली. चावी आली का निघू."

"कशाची चावी?"

"डब्याची."

"डबा तर इथं आहे."

"हो. चावी मागच्या गाडीनं येऊन राहिली."

आता हा हसणार, म्हणून मी आधीच तोंड फुगवलं. पण तो हसला नाही. वाकून कुलपाकडं पाहायला लागला, अगदी आदरानं.

"कुलूप एका वाटेनं, चावी दुसऱ्या… कोणाचं डोकं हे?"

"आईचं."

"मोठमोठी सरकारं हेच करतात. गुप्त निरोप एकाकडं देतात, तो उलगडायची युक्ती दुसऱ्याकडं. लढाया जिंकल्या-हरल्या आहेत यावर."

"आमच्याकडं करंज्याच हाय फक्त."

"आणि चावीवाल्यालाच वाटेत कोणी गाठलं तर?"

"मंग आई तिसरी गाडी शोधन."

आता मात्र तो हसला. मोकळं, मान मागं टाकून. मलाही हसू आलं आणि फुगवलेलं तोंड कुठल्या कुठं गेलं.

त्याचं नाव केवळराम. मूळचा लाखांदूरचा, नागपूरला गणितात एम.एस्सी. करून आमच्या भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकवायला आला होता. साल त्र्याऐंशीचं. गुप्तलेखनाचं त्याला वेड होतं. निरोप कसे लपवायचे, कसे उलगडायचे, त्याची पुस्तकं सुतळीत बांधलेली. शहरात राहून त्यानं भाषा सरळ केली होती, पण गडबडला की आतलं लाखांदूर बाहेर पडायचं.

"आता तर एक नवीनच गोष्ट निघालीय," तो म्हणाला. "चावी पाठवायचीच नाही. ती घरातून हलतच नाही, तरी डबा उघडतो."

"कुलूप फोडता काय?"

"नाही. दोन कुलपं लागतात."

"दोन कुलपं तं आमच्या दंडारीच्या पेटीले बी असतात!"

दिवाळीनंतर आमच्या गावात मंडईची जत्रा भरते, दंडारीचा खेळ होतो. सोंगांचे कपडे-दागिने ज्या पेटीत, तिला एक कुलूप गावातल्या वरच्या टोलीचं, म्हणजे वस्तीचं, एक खालच्या टोलीचं. खालच्या टोलीची चावी गोमाजींकडं, वरच्या टोलीची माझ्या बाबांकडं. दोघं समोरासमोर उभे राहिल्याशिवाय पेटी उघडत नाही, कारण दोन्ही टोल्यांना एकमेकांचा भरवसा नाही.

"ती भांडणाची कुलपं झाली," केवळराम म्हणाला. "माझी वेगळी आहेत. कधी दाखवीन…"

तेवढ्यात रुखमिणीकाकू भिजत-भिजत चावी घेऊन आल्या. इतक्या लवकर गाडी आल्याचं मला वाईट वाटलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

त्यानं ती युक्ती दाखवली ती आत्याच्या अंगणात. आणि गाडी कोण? खुद्द आत्या!

झालं असं की अंगणाच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला त्याची खोली. आत्याचा दंडक होता की पोरीनं किरायदाराच्या उंबऱ्याशी जायचं नाही आणि किरायदारानं स्वयंपाकघराशी यायचं नाही. मधल्या साऱ्या खेपा आत्याच्या. एका रविवारी मी करंजी डब्यात ठेवली, माझ्या शिवणपेटीचं कुलूप घातलं आणि म्हटलं, "आत्या, हे सरांले देऊन ये."

"आन चावी?"

"चावी नाई द्याची."

आत्या डबा घेऊन गेली. परत आली तर डबा तसाच, वर आणखी एक कुलूप. त्याच्या खोलीचं.

"ह्या मास्तरचं डोकं फिरलं," आत्या म्हणाली. "उघडाचं सोडून वरून आनिक कुलूप लावते!"

मी माझं कुलूप काढलं. "आता परत देऊन ये."

"माहे गुडघे काय फुकटचे हाय, वं?"

पण गेली. डब्यावर आता एकटं त्याचं कुलूप होतं. ते त्यानं त्याच्या चावीनं उघडलं, दारात उभा राहून करंजी खाल्ली, आणि माझ्याकडं बघत बोटं चाटली. माझी चावी माझ्यापाशी, त्याची त्याच्यापाशी. आत्या तीन खेपा घालून आली, डबा सतत तिच्या हातात होता, पण तिला आत डोकावता आलं नाही.

मी चाट पडले. एवढं सोपं! पुढं कितीतरी दिवस आत्या येईल-जाईल त्याला ते सांगत राहिली, की माही भाची आन माहा किरायदार, दोघंही कामातून गेले. बाबा एकदा धान विकायला आले होते, त्यांनाही सांगितलं. ते उठून बंडीला बैल जुंपायला गेले. बाबा बैलांशी जेवढं बोलायचे, तेवढं माणसांशी नाही.

आणि मग… काय सांगू? काही झालं नाही, आणि सगळं झालं. मी अंगणात वाळत घातलेले कपडे काढायला जायचे तेव्हा त्याची खिडकी उघडी असायची. तो सायकल पुसायचा, रोज, एवढी की तिचा रंग उडाला. मी सुईत दोरा ओवताना पुटपुटायचे, आणि पलीकडून आवाज यायचा, "जवळून नाही, जरा लांबून बघा." तोच दोरा कितीदा माझ्या हातून सुटायचा! एकदा त्याला ताप आला तेव्हा आत्यानं काढा नेऊन दिला. रिकामा पेला परत आला तो काठोकाठ पारिजातकाच्या फुलांनी भरून. आत्याला वाटलं, देवासाठी. तिनं ती देवाला वाहिली. मी देवाशी भांडले नाही; एक फूल तेवढं उचलून घेतलं.

"तुम्ही एवढ्या लपवाछपवीचं शिक्षण घेतलं," एकदा मी त्याला म्हटलं, "आन तोंडावर तं सारं दिसून राहते."

"काय दिसतं?"

"जे लपवून राहिले ते."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो चष्मा पुसायला लागला. चष्मा कोरडा होता.

आश्विनात बाबांचा निरोप आला: तुळसाले पाठवून द्या, शहापूरचं स्थळ हाय.

शहापूरचं घर चांगलं होतं. शेतीवाडी, हायवेला लागून घर, आणि मुख्य म्हणजे जवळ. बाबांची एकच अट होती की पोरगी लांब द्यायची नाही. त्यांची धाकटी बहीण पार रायपूरकडं दिली होती. ती बाळंतपणात गेली, तेव्हा बाबा पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. पण माझ्या लग्नाचा विषय निघाला की म्हणायचे, "सकाळच्या गाडीनं निघालो तं दुपारी पोरगी दिसली पाहिजे." बस, एवढंच.

केवळराम मला स्टँडवर सोडायला आला. आत्यानंच पाठवला, पिशव्या जड होत्या म्हणून. निघताना तिनं मला एक छोटा डबा भेट दिला. भंडाऱ्याचं चकचकीत पितळ, आणि कडी मुद्दाम मोठी करून घेतलेली. "घाला दोन कुलपं का चार," म्हणाली.

मी खिडकीशी बसले. तो खाली उभा. पाऊस नव्हता, नुसतं ढगाळलेलं, आणि त्याचा हात खिडकीच्या गजावर माझ्या हाताच्या अगदी जवळ होता.

"मले… म्हणजे, मला…"

"लाखांदूर बाहेर आलं," मी म्हटलं.

"मले तू पाहिजे, तुळसा."

असं सरळ! मी चिडवायला काहीतरी तयार ठेवलं होतं, ते सारं विसरले. गज गार होता आणि माझा हात गरम झाला होता, एवढंच आठवतं.

"दिल्लीहून कागद आलाय," तो भराभर बोलायला लागला. "सरकारी नोकरी आहे. गुप्त संदेशांचंच काम. दिवाळीनंतर रुजू व्हायचंय. तू हो म्हटलंस तर त्याआधी आईबापाला घेऊन तुझ्या घरी येतो. नाही म्हटलंस तर… येणारच नाही. तुला कोणासमोर खाली पाहायला लागणार नाही."

"आत्ताच सांगू?"

"नको. घरी जा, आईबाबांकडं बघ, मग सांग. दिल्ली फार लांब आहे."

"पत्र पाठवू?"

"तुझ्या घरी पत्रं कोण वाचतं?"

आमच्या घरी पत्र ओसरीवर मोठ्यानं वाचलं जायचं, जाणारंही आणि येणारंही.

"डब्यातून पाठव," तो म्हणाला. "भैय्यालालच्या हाती. मी रोज संध्याकाळी स्टँडवर येतो. खोलीचं कुलूप आता नाही वापरणार, आत्याबाई पुस्तकं उचकतात. नवीन घेतो एक. हो असेल तर हळकुंड ठेव."

"आन नाई असंल तं?"

"करंजी."

"म्हणजे नाई म्हटलं तरी तुमचं तोंड गोडच!"

तो हसला नाही. गाडी सुरू झाली, तो दोन पावलं सोबत चालला.

"करंजी नको पाठवू, तुळसा."

मी घरी गेले. आईबाबांकडं बघितलं. त्यानं सांगितलं होतं म्हणून अगदी नीट बघितलं, आणि तिथंच सगळं अवघड झालं. बाबा संध्याकाळी तलावाच्या पाळीवरून येताना माझ्यासाठी शिंगाडे आणायचे, न बोलता ओट्यावर ठेवायचे. दिल्लीला शिंगाडे कोण ठेवणार? आणि सकाळच्या गाडीनं निघालेला बाप दिल्लीला दुपारी थोडाच पोचणार होता?

तरी मन वळून वळून त्या गजापाशी जायचं. एका सकाळी मी देवघरातलं हळकुंड उचललं, डब्यात ठेवलं, माझं कुलूप घातलं आणि चावी गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली. भैय्यालालला सांगितलं, "भाऊ, हा डबा बायजाआत्याच्या मास्तरांच्याच हातात."

त्याच संध्याकाळी डबा परत आला!

वर दुसरं कुलूप होतं. इतक्या लवकर… म्हणजे तो सकाळपासूनच स्टँडवर उभा होता की काय? मी डबा घेऊन मागल्या दाराशी गेले. कुलूप मोठं होतं, डब्याच्या मानानं फारच दणकट. त्याला तेलकट काळं वंगण लागलेलं. वाटलं, सायकलवाला माणूस, नवं कुलूपसुद्धा वंगण घालून पाठवतो. काय वेडं वय असतं! मी इकडंतिकडं पाहिलं आणि ते कुलूप गालाला लावलं. गार होतं. डोळे मिटून मी तशीच उभी राहिले.

जेवायला वाढताना आई म्हणाली, "गालाले काय वं लावलं काळं?"

मी पदरानं पुसलं, ते आणखी फासलं गेलं. "चुलीचं असंल."

बाबांनी मान वर केली. माझ्या गालाकडं पाहिलं… पाहतच राहिले. मग ताटात पाणी घेतलं आणि उठले. भात अर्धा तसाच होता. बाबांनी भात टाकलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी माझं कुलूप काढलं आणि डबा भैय्यालालकडं दिला. आता एकच फेरी. आता तो उघडणार. संध्याकाळी भैय्यालालला विचारलं, "देला ना?"

"ज्याले द्याचा त्याले देला," तो म्हणाला आणि तिकिटाच्या पेटीत तोंड घालून बसला. एरवी गावभर बडबड करणारा माणूस!

आणि मग काहीच नाही. दिवस गेले. धान पिवळं पडलं. कापणी लागली, दिवाळी आली. गाडी यायची, थांबायची, जायची. लाखांदूरहून कुणी आलं नाही. मी मनाशी हजार गोष्टी केल्या: हळकुंड पाहून तो घाबरला असेल, आईबाप नाही म्हणाले असतील, दिल्लीला निघूनही गेला असेल. रागही आला. पण रागाला धरून ठेवायला बळ लागतं, आणि माझं सारं बळ गाडीचा आवाज ऐकण्यात जात होतं.

मंडईच्या दिवशी शहापूरचे पाहुणे यायचे ठरले. सकाळी बाबा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून निघाले. आई करंज्या तळत होती. "शहापूरले जाऊन येतो," एवढंच म्हणाले.

त्या दुपारी मी मंडईच्या गर्दीतून, बांगड्यावाल्यांच्या दुकानांमधून एकटी गाडीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. माझं ठरलं होतं. केवळराम येवो की न येवो, शहापूरच्या लोकांना खोटं हसून पोहे द्यायचे नव्हते. ते घरी पोचायच्या आधीच. बाबा गाडीतून उतरले की तिथंच सांगायचं. डबा नाही, कुलूप नाही, तोंडानं. बाबांशी मी आयुष्यात एवढं मोठं वाक्य बोलले नव्हते.

गाडी आली. बाबा एकटेच उतरले. पाहुणे नव्हते. काखेत माझा पितळेचा डबा होता… आणि त्याला कुलूप नव्हतं. एकही नाही.

"बाबा, मले… मले तुमाले सांगाचं हाय…"

"माईत हाय."

"नाई बाबा, आयका तं. मले शहापूरले नाई जाचं. मले—"

"तुळसा," बाबा म्हणाले, "माईत हाय म्हणलं ना."

त्यांनी डबा उघडून पुढं केला. आत माझं हळकुंड होतं. शेजारी एक सुपारी. ती मी ठेवलेली नव्हती.

मी बघतच राहिले. बाबा थांब्याच्या दगडावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि सावकाश बोलायला लागले. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"तुहा डबा भंडाऱ्याले गेलाच नाई. बायजानं तुमच्या दोन कुलपाचं मले सांगतलं होतं. तुह्या गळ्यात चावी दिसली, मंग मी वेशीवरच गाडी थांबवली. म्हणलं, भैय्यालाल, आन इकडं. दंडारीच्या पेटीचं माहं कुलूप वंगण घालाले काढून आणलं होतं, तेच लावलं. सांजी परत पाठवला. तू तुहं काढलं. मंग मी माहं उघडलं."

"ते… ते तुमचं कुलूप होतं?"

"मी तं तुमचा खेळ मोडाले लावलं होतं, पोरी. लय राग आला होता. अन जेवाले बसलो… तं तुह्या गालाले माह्या बैलबंडीचं वंगण."

मी तोंड ओंजळीत लपवलं. लाजेनं की रडू आलं म्हणून, मलाच कळलं नाही.

"बहिणीले लांब देलं, तवा तिले कोणी इचारलंच नाई," बाबा म्हणाले. "तू तं सांगून राहिली होती. बापाले सोडून बाकी साऱ्याईले."

"मी आज सांगाले आली होती, बाबा."

"तेही दिसलं. गाडीतूनच दिसली उभी."

मग भैय्यालाल थांबलेल्या गाडीच्या दारातून ओरडला. इतके दिवस दाबून ठेवलेलं त्याला आता राहवेना. "बाई, शहापूरवाल्याईच्या दारात टोपी काढून माफी मागतली तुह्या बाबानं, यादोरावनं! मी संग गेलो होतो, सोता पाह्यलं!"

"तू घंटी मार," बाबा म्हणाले.

पण भैय्यालालनं घंटी मारली नाही, कारण गाडीतून अजून दोघं उतरायची होती. आधी आत्या, गुडघे धरत, भंडाऱ्यापासून कोंढ्यापर्यंतच्या सगळ्या खड्ड्यांना नावं ठेवत. तिच्या मागं तिच्या पिशव्या घेऊन… चष्मा. ओला होता. पाऊस तर नव्हता.

आत्यानं बाबांना मंडई दाखवायला ओढत नेलं. तिला मंडई नवीन नव्हती.

"रोज येत होतो स्टँडवर," केवळराम म्हणाला. "डबा आलाच नाही. वाटलं, करंजीसुद्धा पाठवावी वाटली नाही तुला. पेटी भरून ठेवली होती मी दिल्लीची. आज तुझे बाबा दारात. डबा समोर ठेवला. मी विचारलं, चावी? तर म्हणाले, कुलूप कुठं हाय?"

"आन काय म्हणले?"

"म्हणाले, पोट्ट्या, दुसरं कुलूप कोणाचं हाय ते पाह्याले तरी शिकवाचं होतं तिले." तो हसला आणि ओला चष्मा काढून हातात घेतला. "खरंय ते. हीच तर या विद्येतली मोठी अडचण आहे. दोन माणसांच्या मधे तिसरा शिरतो, आपलं कुलूप लावतो, आणि दोघांनाही कळत नाही. पुस्तकं भरलीत यावर. असा शिरलेला माणूस निरोप चोरतो, बदलतो, मोडतो… तो सुपारी घालून देतो, हे मी कुठंच वाचलं नव्हतं."

"पदर देऊ?" मी विचारलं.

"दे," तो म्हणाला. आणि मंडईतल्या एवढ्या गर्दीत, भर दिवसा, मी त्याचा चष्मा पुसून दिला.

आठवड्यात त्याचे आईबाप लाखांदूरहून आले. सुपारी फुटली. दिल्लीनं मुदत वाढवून दिली, लग्न माघात झालं. दंडारीच्या पेटीला वरच्या टोलीचं कुलूप उशिरा लागलं म्हणून गोमाजी बाबांवर रुसले होते. त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं.

मी किती जणांची ऋणी आहे! आईची, जिनं कुणावर विश्वास ठेवला नाही म्हणून मी त्या बाकावर अडकून राहिले. आत्याच्या गुडघ्यांची. भैय्यालालची, ज्यानं तोंड एकदाच काय ते बंद ठेवलं. आणि बाबांची तर… ते कसं सांगू? त्यांच्याकडं माझं सगळं गुपित उघडं होतं. ते मोडणं त्यांच्या हातात होतं. त्यांनी त्यात सुपारी घातली.

निघायच्या दिवशी थांब्यावर आईनं मोठा डबा माझ्या हाती दिला. कुलूप लावलेला. डोळ्यांतून धारा, आणि तोंडानं कायदा चालूच.

"चावी पोस्टानं पाठवतो. पुढच्या आठवड्यात."

"आई, करंज्या नासून जातीन!"

"नाई नासत. अन जवाई बी पोट्टाच हाय शेवटी."

बाबा बंडीच्या बैलांकडं बघत उभे होते. गाडीनं हॉर्न दिला तेव्हा ते पुढं आले, माझी मूठ आपल्या हातात घेतली, आत काहीतरी सरकवलं आणि बोटं एकेक करून मिटली.

"आईले सांगू नोको," ते म्हणाले.

भंडाऱ्याला गाडी बदलून आम्ही नागपूरच्या गाडीत बसलो. शहापूर जवळ आलं. जिथं मी सून म्हणून जाणार होते, ती हायवेवरची घरं खिडकीतून दिसायला लागली.

"पोस्टाची वाट बघायची?" केवळरामनं डब्याकडं बघत विचारलं.

मी मूठ उघडली, आणि मग डबा. पहिली करंजी मीच खाल्ली. बोटांना बंडीच्या वंगणाचा वास येत होता, आणि दिल्ली येईपर्यंत मी तो हात धुतला नाही.